बॅट तपासली तर अपमान कसला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, आयपीएलमध्ये २०२५ पासून अंपायर भर मैदानात बॅट्समनची बॅट गेजमधून, म्हणजे मापाच्या चौकटीतून, काढून बघतात त्यावर. त्यांचं म्हणणं असं की हा खेळाडूचा अपमान आहे, चोराची झडती घेतात तशी झडती आहे, एवढे मोठे प्लेयर काय फसवणूक करणार का वगैरे. पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग जरा रागच आला, कारण याच वर्षी एप्रिलमध्ये बॅटच्या नियमामुळे आमच्या घरात तीन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. म्हणून लिहितोय. पत्र लांब होणार आहे, कापलंत तरी चालेल, फक्त कोचबद्दलचा भाग कापू नका.

मी मूळचा मिरजेचा, गेली सतरा वर्षं न्यू जर्सीत. मुलगा नववीत आहे. इकडे नववी म्हणजे हायस्कूलचं पहिलं वर्ष. लहानपणापासून त्याला बेसबॉलचं वेड, क्रिकेट मी शिकवायचा प्रयत्न केला पण ते काही चिकटलं नाही, बॉल टप्पा पडून येतो हेच त्याला विचित्र वाटायचं. तर यंदा तो शाळेच्या जेव्ही टीममध्ये आला, म्हणजे ज्युनियर व्हर्सिटी, मेन टीमच्या खालची. आणि मी बाप म्हणून ठरवलं की पोराला नवी बॅट घ्यायची.

आता बेसबॉलच्या बॅटच्या किमती तुम्हाला माहीत नसतील म्हणून सांगतो, चांगली कॉम्पोझिट बॅट (कार्बन फायबरचे थर चिकटवून केलेली) चारशे डॉलरच्या घरात जाते. चारशे! मी ऑनलाइन सेकंडहँड शोधत बसलो, एकशे वीसला मिळाली, जवळच्याच गावातल्या एका माणसाच्या गॅरेजमधून जाऊन घेऊन आलो. हातात घेतली तर इतकी हलकी, इतकी हलकी, की मला वाटलं लॉटरी लागली. आपल्याकडे बॅट घेताना काय बघतात, पिकअप बघतात. उचलून दोनदा हवेत फिरवायची आणि 'वा, पिकअप मस्त आहे' म्हणायचं. मी तेच केलं. बॅटवर बारीक अक्षरात काय काय छापलंय, कसला शिक्का आहे, ते बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मॅचच्या दिवशी शाळा सुटल्यावर पोराच्या हातात बॅट दिली, सरप्राइज म्हणून. तो जाम खूश. कोचला दाखवायला वेळच मिळाला नाही, वॉर्मअप चालू झाला होता. दुपारचे चार, एप्रिल असून गार वारा, आम्ही आईबाप मंडळी फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून ब्लँकेट पांघरून बसलेलो. मॅचच्या आधी होम प्लेटजवळ, म्हणजे बॅटिंग करतात तिथे, अंपायर आणि दोन्ही कोच भेटतात, त्यात अंपायर दोन्ही कोचना एक ठरलेला प्रश्न विचारतो, की तुमच्या सगळ्या खेळाडूंचं सामान नियमात बसणारं आहे ना. दोघेही हो म्हणतात. नेहमीचंच असतं ते, आपल्याकडे फॉर्मवर 'वरील माहिती खरी आहे' च्या खाली सही करतो ना, तसं. मला तोपर्यंत असंच वाटायचं.

तिसऱ्या इनिंगमध्ये दोन बेसवर (रन काढताना थांबायच्या जागा) आमची दोन पोरं आणि माझा मुलगा बॅटिंगला. दुसऱ्याच बॉलवर असा काही मारला की बॉल लेफ्ट आणि सेंटर फील्डरच्या मधून थेट कुंपणापर्यंत. दोन रन आले, हा सेकंड बेसवर उभा, हेल्मेट सरळ करतोय, आणि मी खुर्चीवरून उठून ओरडतोय मराठीत. बॅट प्लेटजवळ पडलेली होती. समोरच्या टीमच्या कॅचरने, म्हणजे विकेटकीपरसारखा मागे बसतो त्याने, ती बाजूला करायला उचलली आणि उचलताना बघितली. पोरगं पंधरा सोळा वर्षांचं असेल, पण नजर बघा. त्याने डगआउटकडे, म्हणजे मैदानाच्या कडेला टीम बसते तिकडे, बघून त्याच्या कोचला हाक मारली, कोच आला, अंपायरशी बोलला, अंपायरने बॅट हातात घेऊन गोल फिरवून बघितली, बस्स. मुलगा आऊट. दोन्ही रनर जिथे होते तिथे परत. रन गेले. आणि आमच्या हेड कोचला सांगितलं की तुम्ही आता मॅच संपेपर्यंत डगआउटमध्येच बसायचं.

मला काही कळेचना. माझी बायको म्हणाली, 'तुम्ही आणलेल्या बॅटमुळे काहीतरी झालंय.' बायकांना कसं काय लगेच कळतं देव जाणे.

तर नियम असा आहे. इकडे हायस्कूलच्या खेळांचे नियम एनएफएचएस नावाची संस्था करते, ऑफिस इंडियानापोलिसला, आणि राज्याराज्यातल्या शाळांच्या संघटना ते वापरतात. त्यांच्या नियमाप्रमाणे बॅट जास्तीत जास्त ३६ इंच लांब, जाड भागाचा व्यास २ पूर्णांक ५/८ इंचापेक्षा जास्त नाही, आणि लांबीचा इंचातला आकडा आणि वजनाचा औंसातला आकडा यात तीनपेक्षा जास्त फरक नको, याला सगळे 'ड्रॉप थ्री' म्हणतात. म्हणजे ३३ इंची बॅट असेल तर ती कमीत कमी ३० औंस हवी, साधारण साडेआठशे ग्रॅम. आणि बॅट लाकडाची नसेल तर तिच्यावर बीबीकोर .५० चा (हे बॅटच्या उसळीचं माप, पुढे सांगतो) चौकोनी शिक्का पाहिजेच, १ जानेवारी २०१२ पासून हे कंपल्सरी आहे. अखंड लाकडाची बॅट असेल तर शिक्का लागत नाही. मी आणलेली बॅट होती ३२ इंच आणि २७ औंस, ड्रॉप फाइव्ह, आणि तिच्यावर शिक्का होता यू-ट्रिपल-एस-ए नावाच्या दुसऱ्या संस्थेचा, जो लहान मुलांच्या ट्रॅव्हल टूर्नामेंटमध्ये चालतो. तिथे एकदम लीगल. हायस्कूलला बाद. तिसरा अजून एक शिक्का असतो यूएसए बॅटचा, तो लिटल लीगला, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलला, २०१८ पासून लागतो, तोही हायस्कूलला एकटा चालत नाही. एकाच खेळात मुलगा आठवीतून नववीत गेला की घरातल्या सगळ्या जुन्या बॅट गॅरेजमध्ये. हे आईबापांना कोण सांगतं? कोचने सीझनच्या सुरुवातीला ईमेल पाठवला होता, मी नंतर शोधून काढला, चौथ्या पॅराग्राफमध्ये लिहिलेलं होतं. मी पहिल्या पॅराग्राफच्या पुढे गेलोच नव्हतो. कोण जातं?

असली बॅट नुसती हातात धरून बॅटरच्या बॉक्समध्ये, म्हणजे बॅटिंगला उभं राहायच्या चौकटीत, पाय ठेवला तरी आऊट, मारलाच पाहिजे असं नाही. मारल्यावर लक्षात आलं तर पुढचा बॉल पडायच्या आत सांगायचं, मग आऊट आणि रनर मागे. पहिल्यांदा सापडलं की हेड कोच डगआउटमध्ये, त्याच मॅचमध्ये दुसऱ्यांदा सापडलं की हेड कोच मैदानाबाहेर. लक्षात घ्या, इकडे बॅटिंग चालू असताना हेड कोच बरेचदा थर्ड बेसजवळ उभा राहून खुणा करतो, धाव, थांब, स्लाइड कर. ते बंद. आमच्या कोचच्या जागी त्या दिवशी असिस्टंट गेला, त्याच्या खुणा पोरांना कळेनात, एक रनर फुकट आऊट झाला. मॅच हरलो. किती रननी ते लिहीत नाही, तुम्हीच ओळखा.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, 'चुकीची बॅट म्हणजे काय रे, मोडकी होती का?' मी म्हटलं नाही गं, चांगली होती, जास्तच चांगली होती. 'मग जास्त चांगली आहे म्हणून आऊट? हे कुठलं रे?' आता आईला कसं समजावू. पण खरं सांगतो तोपर्यंत मलाही समजलं नव्हतं. मोडकी, चीर गेलेली, पोचा आलेली बॅट असेल तर इकडे काही शिक्षा नाही, अंपायर नुसती बाजूला ठेवायला लावतो. शिक्षा आहे ती जास्त चांगलीला.

आणि त्यामागे जे कारण आहे ते मला कोचने सांगितलं, तिसऱ्या दिवशी, मी माफी मागायला गेलो तेव्हा. कोच शाळेत फिजिक्स शिकवतो, त्यामुळे बोर्डावर चित्र काढूनच सांगितलं. लाकडाच्या बॅटवर बॉल आदळला की बॉल दबतो आणि त्यात बरीच ताकद वाया जाते. पोकळ धातूची किंवा कॉम्पोझिटची बॅट मात्र स्वतः थोडी आत दबते आणि स्प्रिंगसारखी परत येते, बॉलला ढकलते, त्याला ते ट्रॅम्पोलिन इफेक्ट म्हणतात. बीबीकोरचा आकडा म्हणजे ही उसळी किती त्याचं माप, .५० म्हणजे साधारण लाकडाच्या आसपास आणून ठेवलेलं. लॅबमध्ये बॅट मुठीशी फिरू शकेल अशी बसवून तिच्यावर हवेच्या तोफेतून बॉल मारतात आणि परत किती वेगात येतो ते मोजतात, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत अशी मोठी लॅब आहे. आधी वेगळं माप होतं, बीईएसआर म्हणायचे, ते बॉल किती वेगात सुटतो ते धरायचं. कॉलेजवाल्यांनी २०११ पासून बीबीकोर आणलं, होम रन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, इतके कमी झाले की लोक बोर झालं म्हणायला लागले, मग बॉल लांब जावा म्हणून २०१५ पासून कॉलेजच्या बॉलची शिवण थोडी खाली घेतली. पण बॅटचा नियम सैल केला नाही. हे मला आवडलं.

का केला नाही? पिचरमुळे, म्हणजे बेसबॉलच्या बोलरमुळे. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, ६६ फूट. बेसबॉलमध्ये पिचर उभा राहतो ६० फूट ६ इंचावर, आणि बॉल टाकल्यावर पुढे झोकला जातो म्हणजे अजून पाच सहा फूट जवळ. ताशी १०० मैल वेगाने बॉल परत आला तर त्याच्याकडे चार दशांश सेकंदही नसतो. हेल्मेट नाही, पॅड नाही, बहुतेक पिचर तोंडावर काही घालत नाहीत. आमच्या न्यू जर्सीतच २००६ साली एका बारा वर्षांच्या पिचरच्या छातीवर धातूच्या बॅटने मारलेला बॉल बसला, हृदय बंद पडलं, पोरगा वाचला पण मेंदूला कायमची इजा झाली. त्यावर २००८ मध्ये केस झाली आणि २०१२ मध्ये १ कोटी ४५ लाख डॉलरवर मिटली. त्याच सुमारास पलीकडे न्यूयॉर्क शहराने २००७ मध्ये हायस्कूलच्या मॅचमध्ये धातूच्या बॅटवर बंदीच घातली, तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांनी ती नाकारली तर सिटी कौन्सिलने त्यांचा नकार मोडून काढून पास केली. त्यावर वाद खूप आहेत, लाकडानेही लागतंच की असं म्हणणारे आहेत, आणि लाकडाच्या बॅट मोडतात, पुन्हा घ्या, पुन्हा मोडा, मूळात १९७४ मध्ये कॉलेजमध्ये ॲल्युमिनियम आलं तेच या खर्चामुळे. मी त्यात पडत नाही. मला फक्त एवढं कळलं की मी जी बॅट दिली त्याने माझ्या पोराचा बॉल पन्नास साठ फुटांवरच्या दुसऱ्या कोणाच्या तरी पोराच्या तोंडावर गेला असता तर. त्या दिवशी तो फील्डरच्या मधून गेला. माझं नशीब.

हे ऐकल्यावर आऊट दिल्याचा राग गेला. निदान बराचसा.

आता तुमच्या वाचकाच्या अपमानाच्या मुद्द्यावर येतो. आयपीएलमध्ये काय होतं? हार्दिक पांड्या बॅटिंगला येतो, अंपायर खिशातून प्लास्टिकचं गेज काढतो, बॅट त्यातून सरकवतो, गेली तर खेळ, नाही गेली तर दुसरी बॅट आण. संपलं. ना आऊट, ना रन कापणार, ना कोचला बसवणार. २०१७ च्या ऑक्टोबरपासून नियमात बॅटची कड ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, मधली जाडी ६७ मिलिमीटर, रुंदी १०८, सगळे आकडे दिलेले आहेत, कोट्यवधी घेणाऱ्या खेळाडूला ते माहीत असायला हवेत, त्याच्याकडे बॅट बनवणारा स्वतःचा माणूस असतो. तरी बॅट नुसती बदलायची. आणि इकडे पंधरा वर्षांचं पोर, बॅट बापाने आणलेली, त्याला आऊट. अपमान म्हणायचाच असेल तर कोणाचा जास्त?

पण गंमत बघा, मला आयपीएलपेक्षा हायस्कूलचाच नियम जास्त पटतो. एकाच गोष्टीमुळे. कोच.

मुलगा आऊट झाला ते त्याला लागलं, पण खरी शिक्षा कोचला आहे, कारण मॅचच्या आधी 'हो' कोच म्हणाला होता. त्या 'हो' ला किंमत आहे. मी आधी म्हटलं ना, फॉर्मवरच्या सहीसारखं वाटायचं, तसं ते नाहीये. मोठा माणूस दहा लोकांसमोर हो म्हणाला आणि ते खोटं निघालं तर तो बसणार. फसवायचं होतं की नव्हतं हे कोणी विचारत नाही. आमच्या कोचला माहीतही नव्हतं की बॅट बदलली आहे. तरी तो एक शब्द न बोलता जाऊन बसला. मला म्हणाला, 'ते माझं काम होतं, मी बघायला हवं होतं.' मी म्हटलं, 'नाही हो, चूक माझी.' तो म्हणाला, 'दोन्ही.' त्यानंतर त्याने नियम केला की डगआउटच्या जाळीला सगळ्या बॅट शिक्का बाहेर करून टांगायच्या आणि तो स्वतः प्लेटवर जायच्या आधी एकेक हात लावून बघतो. बारा पंधरा बॅट, दोन मिनिटं लागतात.

आपल्याकडे हे कधी झालंय? मी मिरजेला शाळेच्या टीममधून खेळलो, सीझन बॉलवर. एक किट बॅग, दोन बॅट, त्यातली एक मधून चिरलेली. ती आम्ही फेव्हिकॉल घालून सुतळी गुंडाळून वर चिकटपट्टी लावून चालवायचो. एकदा सुताराने तिला दोन खिळे मारून दिले. खिळ्याचं टोक जरासं बाहेर होतं, बॉलचं कातडं फाटलं, समोरची टीम ओरडली, आमचे सर लांब लिंबाच्या सावलीत चहा पीत बसलेले, त्यांनी हात हलवून 'चालू द्या रे' केलं. चालू दिलं आम्ही. आज आठवलं की हसू येतं पण तो खिळा कोणाच्या डोळ्याशी गेला असता तर सर काय म्हणाले असते? काहीच नाही, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मॅचच्या आधी तुमच्या पोरांचं सामान ठीक आहे का म्हणून. प्रश्नच नाही तर उत्तर कुठून चुकणार.

आता या अमेरिकन नियमाचं फार कौतुक केल्यासारखं झालं, तर त्याचं भोकही सांगतो, मोठं आहे. माझ्यासारखा अडाणी बाप सापडतो. शिक्का चुकीचा, बघितला की कळतं. पण जो मुद्दाम लबाडी करतो त्याच्या बॅटवर शिक्का बरोबर असतो! आपण नवीन क्रिकेट बॅट कशी नॉक करतो, अळशीचं तेल लावून, मोज्यात जुना बॉल घालून ठोकत बसतो चार दिवस. ते सगळं नियमात आहे, उलट नाही केलं तर बॅट फुटते. कॉम्पोझिट बॅटचं पण तसंच असतं, वापरून वापरून आतले थर सैल होतात आणि बॅट जास्त उसळायला लागते. मग काही महाभाग नवीन बॅट दोन रोलरच्या मधून दाबून काढतात, ऊस चरकात घालतात ना तशी, म्हणजे पहिल्याच दिवशी ती सैल. त्याला रोलिंग म्हणतात. त्याच्या पुढचे लोक बॅटच्या टोकाची टोपी काढून आतून भिंत तासून पातळ करतात, ते शेव्हिंग. दोन्ही बेकायदा, नियमात स्पष्ट आहे की बॅटची ताकद वाढवायला काही केलं तर ती बाद. पण बाहेरून दिसणार कसं? अंपायरकडे काय एक्स-रे मशीन आहे? यामुळेच २०१० मध्ये एनएफएचएसने कॉम्पोझिट बॅटना वेगळी टेस्ट लावली, ज्यात बॅट आधी मुद्दाम सैल करून मगच मोजतात, म्हणजे जुनी झाल्यावरही मर्यादेत राहील अशीच पास होते. त्याने फरक पडला, पण रोलिंग करून देणारे अजूनही इंटरनेटवर उघड जाहिरात करतात. चाळीस पन्नास डॉलरचं काम. आणि घेऊन जाणारे पोरांचे बापच असतात, पोरांकडे कुठून येणार पैसे.

अजून एक, कधी कधी शिक्का असलेली बॅट नंतर पुन्हा टेस्ट केली की मर्यादेबाहेर निघते आणि ते मॉडेल यादीतून काढून टाकतात. म्हणजे जानेवारीत घेतली तेव्हा लीगल, एप्रिलमध्ये इललीगल, शिक्का तोच. चारशे डॉलर घालून घेतलेली. अशा वेळी आईबापांनी रोज उठून यादी बघायची का? इथे मला वाटतं की विकणाऱ्यावर पण काहीतरी जबाबदारी हवी. दुकानात हायस्कूलच्या बॅटचा वेगळा कप्पा असतो, ते ठीक, पण सेकंडहँडच्या बाजारात कोण बघतो. माझ्या त्या एकशे वीसवाल्या माणसाने जाहिरातीत लिहिलं होतं, 'जबरदस्त पॉप (म्हणजे उसळी), हायस्कूलच्या मुलांसाठी बेस्ट'. पॉप होता हे खरं.

रात्री झोप येईना म्हणून मी बॅटचे जुने किस्से वाचत बसलो आणि एक गोष्ट सापडली. २४ जुलै १९८३, यँकी स्टेडियम, कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारला आणि समोरच्या न्यूयॉर्क यँकीजच्या मॅनेजरने तक्रार केली की ब्रेटच्या बॅटवर पाइन टार, म्हणजे पकड घट्ट व्हायला लावतात तो चिकट डांबरासारखा पदार्थ, मुठीपासून १८ इंचांच्या वर गेलाय. अंपायरने प्लेटवर आडवी ठेवून मोजलं आणि आऊट दिलं. ब्रेट डगआउटमधून जो पिसाळून धावत आला तो व्हिडिओ एकदा जरूर बघा, माझ्या मुलाने दहा वेळा बघितला, तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. नंतर लीगच्या अध्यक्षांनी तो होम रन परत दिला, कारण डांबराने बॉल काही लांब जात नाही, नियम बॉल घाण होऊ नये म्हणून होता, आणि १८ ऑगस्टला उरलेली मॅच पुन्हा खेळवली. ती १८ इंचांची मर्यादा हायस्कूलच्या नियमातही आहे. मुलगा म्हणाला, 'मग माझे दोन रन पण परत द्यायला हवेत.' मी म्हटलं, 'बाळा, त्याच्या बॅटने बॉल लांब जात नव्हता, तुझ्या जात होता.' तर म्हणे, 'बाबा, बॅट माझी नाही, तुमची होती.' गप्प बसलो.

मोठ्या लोकांचंही काही धुतल्या तांदळासारखं नसतं. बेसबॉलमधला मोठा बॅटर सॅमी सोसा, त्याची बॅट २००३ च्या जूनमध्ये मॅचमध्ये फुटली तर आत बुचाचं लाकूड भरलेलं निघालं, तो म्हणाला प्रॅक्टिसची बॅट चुकून आणली, त्याच्या बाकीच्या ७६ बॅटचे एक्स-रे काढले, एकाही बॅटमध्ये काही सापडलं नाही, तरी सात मॅच बाहेर बसला. आणि आपल्या क्रिकेटमध्ये डेनिस लिली १९७९ च्या डिसेंबरमध्ये पर्थला इंग्लंडविरुद्ध ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता, इंग्लंडचा कॅप्टन ब्रेअर्लीने तक्रार केली बॉल खराब होतो म्हणून, लिलीने चिडून बॅट भिरकावली, आणि मग नियमात लिहावं लागलं की बॅटचं पातं लाकडाचंच हवं. तोपर्यंत कोणाला लिहायची गरजच वाटली नव्हती! म्हणजे कोणीतरी आगाऊपणा केल्याशिवाय नियम येत नाही, आणि नियम आला की ज्याने आगाऊपणा केला नाही त्याला तो अपमान वाटतो. माझ्या मुलाचे आजोबा असते तर म्हणाले असते, स्टेशनवर तिकीट तपासलं की ज्याच्याकडे तिकीट असतं तो कधी चिडतो का.

म्हणून त्या पत्रलेखकांना माझं एवढंच सांगणं आहे की अंपायर गेज काढतो तेव्हा तो हार्दिकला चोर म्हणत नाही, तो बोलरच्या बाजूने एक प्रश्न विचारतो. आणि तो प्रश्न आयपीएलपेक्षा शाळेच्या मॅचमध्ये जास्त गरजेचा आहे, जिथे बॅट मुलाने निवडलेली नसते, बापाने, काकाने, नाहीतर सरांनी आणलेली असते. तुमच्या क्रीडा पानावर शालेय स्पर्धांचे निकाल येतात, मी अजून वाचतो ते, मिरजेच्या शाळेचं नाव दिसलं की बायकोला ओरडून सांगतो. तर तुमच्या वार्ताहराला एकदा सांगा, मॅचच्या आधी सरांना विचार म्हणावं, किट बघितलंत का? काय उत्तर येतं ते छापा.

बॅट अजून गॅरेजमध्ये आहे. विकायला काढलीय, जाहिरातीत पहिलीच ओळ मोठ्या अक्षरात टाकली, हायस्कूलला चालत नाही. परवा एकाचा मेसेज आला, नाव आपल्याकडचंच वाटलं, शंभरला देता का म्हणाला. मी विचारलं मुलगा कितवीत आहे. म्हणाला आठवीत, पण सप्टेंबरमध्ये नववीत जाईल, चालेल ना? मी त्याला फोनच केला. अर्धा तास बोललो, शिक्के तीन प्रकारचे असतात इथपासून. शेवटी तो म्हणाला, 'अहो, तुम्हाला बॅट विकायची आहे की नाही?'

कळावे,
आपला एक जुना वाचक
न्यू जर्सी (मूळ गाव मिरज)